‘कळा कधीपासून देतेय?’ : ठकूच्या बाळंतपणाने शिकवलेलं

मागच्या वर्षीच्या रंगपंचमीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. इंदूरकरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. रंगपंचमीला आमच्याकडे गेर निघते. राजवाड्याच्या भागात मुंगीला शिरायला जागा उरत नाही, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात आणि त्या बाजूचे रस्ते सकाळपासून वाहनांना बंद होतात. त्या दिवशी घरात कुणी आजारी पडू नये, एवढंच आम्ही देवाकडे मागतो. मागच्या वर्षी माणसं सगळी ठणठणीत होती. अडली ती आमची मांजर.

ठकू आमच्याकडे आली ती त्याच्या दीड वर्ष आधी, पावसाळ्यात. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली भिजून बसली होती. काळी-पांढरी-तांबूस, मुठीएवढी. सासूबाईंना घरात मांजर नकोच होती. “केस पडतात, दुधावर डोळा असतो, आणि पुन्हा पायात पायात येते,” असं त्यांचं म्हणणं. सहा महिन्यांत ठकू झोपायला लागली ती मात्र त्यांच्याच पायाशी. तिची नसबंदी करून घ्यायचं आम्ही ‘करू, करू’ म्हणत राहिलो आणि ऐन संक्रांतीच्या रात्री ती गच्चीवरून पसार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साळसूदपणे परत आली. पुढे पोट दिसायला लागलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “घ्या! आता चोरओटी भरा.”

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारपासून ठकूने खाणं सोडलं. संध्याकाळी कपाटाच्या खालच्या खणात शिरून माझ्या साड्या उकरायला लागली. रात्री जेवणं झाल्यावर पहिलं पिल्लू झालं, थोड्या वेळाने दुसरं. आम्ही फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले, ‘अभिनंदन’चे निरोप वाचले आणि झोपलो. “आता तिचं ती बघेल,” हे म्हणाले.

पहाटे सासूबाईंच्या हाकेने जाग आली. ठकू पिल्लांना सोडून मोरीच्या कोपऱ्यात बसली होती आणि कुंथत होती. थांबायची, धापा टाकायची, पुन्हा कुंथायची. बाहेर काहीच येत नव्हतं. शेपटीखाली काळपट ओघळ होता आणि त्याला वास येत होता.

शेजारच्या काकूंची भाची महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. साडेचार वाजता तिला फोन लावून उठवलं. बिचारी लगेच सावध झाली. तिने तीन प्रश्न विचारले.

“कळा कधीपासून देतेय? शेवटचं पिल्लू किती वाजता झालं? वारा किती पडल्या?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी म्हटलं, “रात्री… जेवणानंतर.”

“मावशी, जेवण किती वाजता झालं?”

तेही नक्की आठवेना. घरात तीन घड्याळं आणि चार मोबाइल, आणि एकानेही वेळ बघितली नव्हती. ती म्हणाली, “मग विचार करत बसू नका. निघा.”

हे जरा घुटमळले. “मांजरीला बाळंतपणाला कुणी दवाखान्यात नेतं का? निसर्ग आहे तो. उजाडू तर दे.” तेव्हा सासूबाई बोलल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, माहेर ग्वाल्हेरचं. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. पण त्या म्हणाल्या, “माझ्या पहिल्या वेळी दोन दिवस हेच म्हणत होते सगळे. होईल आपोआप, उजाडू दे. उजाडलं तेव्हा मूल गेलेलं होतं. तिला घेऊन जा.”

माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. त्यांचं पहिलं मूल गेलं हे मला त्या पहाटे कळलं. ह्यांनाही.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन्ही पिल्लं कापडात गुंडाळून टोपलीत घेतली, ठकूला पिंजऱ्यात. कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, “काकी, बैठो, गेर के पहले निकाल दूँगा,” आणि त्याने खरंच काढलं. डॉक्टरांना वाटेतच फोन केला होता, ते दार उघडून उभे होते. एक्स-रेमध्ये आणखी दोन पिल्लं दिसली. एक आडवं अडकलेलं, त्याच्यामागे दुसरं. रात्रभर कळा देऊन गर्भाशय थकून गेलं होतं. ऑपरेशन केलं. आडवं होतं ते गेलेलं निघालं. मागचं जिवंत होतं. “अजून दोन-चार तास थांबला असता, तर आईही हाताला लागली नसती,” डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसानंतर मी डॉक्टरांना आणि महूच्या त्या मुलीला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. जे कळलं ते इथे लिहिते आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत मांजरी आहेत, आणि ‘तिचं ती करते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात आहे. ते बहुतेक वेळा खरंही असतं. दहातल्या बहुतेक मांजरी कुणाच्याही मदतीशिवाय व्यवस्थित विततात. प्रश्न उरतो तो उरलेल्यांचा. मांजर दुखणं लपवते, कुत्र्यासारखी रडत येत नाही. त्यामुळे ‘आता थांबायचं नाही’ ही वेळ तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. ती घड्याळावरून कळते.

आधी दिवस मोजा

मांजरीचं गाभणपण साधारण ६३ ते ६५ दिवसांचं असतं. दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतात. ती बाहेर गेली ती तारीख आठवत असेल तर कॅलेंडरवर खूण करा. तारीख माहीत नसेल तर तिच्या पोटाकडे लक्ष ठेवा. साधारण तिसऱ्या आठवड्यात स्तनाग्रं गुलाबी आणि ठळक होतात, विशेषतः पहिलटकरणीची. त्यानंतर साधारण सहा आठवडे धरा. ६७-६८ दिवस उलटून गेले आणि काहीच चिन्ह नसेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

चौथ्या आठवड्यात सोनोग्राफी केली तर पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात. पण पिल्लं नेमकी किती, हे सोनोग्राफीत नीट मोजता येत नाही. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढतात, कारण तोवर पिल्लांची हाडं पक्की झालेली असतात. हा एक आकडा फार मोलाचा. ‘चार आहेत’ एवढं आम्हाला आधी माहीत असतं, तर दोन झाल्यावर आम्ही फोटो पाठवून झोपलो नसतो.

पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरी अडण्याची शक्यता जास्त असते, पिल्लांची डोकी मोठी असतात म्हणून. तुमच्याकडे अशी मांजर असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठी मिळतं तेच खाणं आईला द्यायचं, थोडं थोडं आणि जास्त वेळा, कारण पोटात जागा उरलेली नसते. ह्यांनी कौतुकाने कॅल्शियमचं टॉनिक आणलं होतं. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं आणि ऐन दूध पाजायच्या वेळी तुटवडा पडतो. हे ऐकून मला फार आश्चर्य वाटलं होतं.

गाभणपणातच योनीतून रक्त किंवा पू दिसला, दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, किंवा अंग गरम लागून ती मलूल पडली, तर ते ‘डोहाळे’ समजू नका. त्याच दिवशी दाखवा.

बाळंतिणीची खोली

तारखेच्या दोन आठवडे आधी एक खोका तयार ठेवा. तिला आडवं पसरता येईल एवढा मोठा, पुढची बाजू कापून खाली केलेली. आत जुनी सुती धुतलेली चादर किंवा गोधडी. जागा उबदार, अंधारी आणि वर्दळीपासून लांब. तिने स्वतःच दुसरी जागा पसंत केली तर खोका तिथे न्या, वाद घालू नका. आमच्या ठकूने खोक्याकडे ढुंकूनही न बघता साड्यांचा खण निवडला, तो मी आधीच रिकामा करायला हवा होता.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत. स्वच्छ टॉवेल, हातमोजे, उकळलेला दोरा, कात्री, गरम पाण्याची पिशवी, ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. आणि रात्री कोणता दवाखाना फोन घेतो, तो नंबर. सणासुदीच्या दिवसांत हे आधी विचारून ठेवा, पैशांचा अंदाजही विचारून ठेवा. पहाटे पाच वाजता या चौकशा होत नाहीत.

कळा सुरू झाल्या हे कसं ओळखायचं

पहिला टप्पा शांत असतो आणि बरेचदा नजरेतून निसटतो. खाणं सुटतं. ती एका जागी बसत नाही, कोपरे हुंगते, कपडे उकरते. मागची बाजू सारखी चाटते. काही मांजरी सतत पायात घोटाळतात आणि ओरडतात, काही पलंगाखाली दडतात. तोंड उघडून धापा टाकते, मधूनच घुर्र घुर्र करते. लोकांना वाटतं ती खुशीत आहे, पण मांजर वेदनेतही घुरघुरते.

या सुमारास अंगाचं तापमानही उतरतं. मांजरीचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. वितायच्या आधीच्या दिवसभरात ते बरेचदा १०० च्या खाली येतं. पण ते गुदद्वारातून घ्यावं लागतं. ती चिडत असेल तर त्या खटाटोपात पडू नका, बाकीच्या खुणा पुरेशा आहेत.

हा टप्पा सहा ते बारा तासांचा, पहिलटकरणीचा चोवीस तासांपर्यंतही लांबतो. इथे लिहायची पहिली ओळ : ‘खाणं सोडलं, दुपारी अमुक वाजता.’

दुसरा टप्पा म्हणजे खऱ्या कळा. पोटाचे स्नायू लाटेसारखे आवळताना डोळ्यांना दिसतात, ती कुंथते. इथे दुसरी ओळ : ‘जोराच्या कळा सुरू, अमुक वाजून अमुक मिनिटं.’ नीट चाललं असेल तर अर्ध्या-पाऊण तासात पहिलं पिल्लू येतं. पुढची पिल्लं दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने. मांजरींची बरीच पिल्लं पायाळू असतात, म्हणजे मागचे पाय आधी बाहेर येतात. ते बघून घाबरू नका, मांजरीत ते नेहमीचंच आहे. पिल्लू आडवं आलं, तर मात्र ते आपलं आपण बाहेर पडत नाही.

प्रत्येक पिल्लाबरोबर किंवा त्याच्या पाठोपाठ एक वार पडते. कधी दोन पिल्लांच्या दोन वारा एकदम पडतात. आई त्या खाऊन टाकते, किळस मानू नका आणि ओढून घेऊ नका. फक्त मोजा. चार पिल्लं आणि तीन वारा, असं झालं तर डॉक्टरांना सांगायचं.

पिल्लू पातळ पिशवीत येतं. आई ती लगेच चाटून फाडते. एखाद मिनिटात तिने फाडली नाही, तर स्वच्छ बोटांनी नाकापाशी आधी फाडा आणि टॉवेलने पिल्लू चोळा, ओरडेपर्यंत. नाळ आईने तोडली नाही तर पोटापासून इंचभरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून पुढे कापा. पिल्लाला उलटं धरून झटके देण्याची एक जुनी पद्धत आहे, ती करू नका. त्यात मेंदूला इजा होते.

विसावली की अडली?

आमची चूक नेमकी इथे झाली. मांजर कधीकधी दोन-तीन पिल्लं झाल्यावर मध्येच थांबते. चांगली काही तास, कधी दिवसभरसुद्धा, आणि मग उरलेली पिल्लं सुखरूप देते. घरात वर्दळ असली तर हे जास्त होतं. त्यामुळे ‘थांबली’ याचा अर्थ ‘अडली’ असा नेहमीच नसतो.

फरक असा ओळखायचा. विसावलेली मांजर खरोखरच विसावलेली असते. पिल्लांजवळ आडवी होते, त्यांना पाजते, चाटते, वाटीतलं खाते, पाणी पिते, कुंथत नाही. अडलेली मांजर अस्वस्थ असते. पिल्लांकडे लक्ष देत नाही, उठून लांब जाते, कुंथते पण काही होत नाही, किंवा कुंथायचंही सोडून मलूल पडते. ठकू मोरीत जाऊन बसली होती. पिल्लं खणात कुंईकुंई करत होती आणि तिने मान वळवून पाहिलं नाही. आता आठवलं की कळतं, हे एवढं एकच चिन्ह पुरेसं होतं.

इथे थांबू नका

खालचा मजकूर कागदावर उतरवून फ्रिजवर लावा.

• जोराच्या कळा सुरू होऊन २० ते ३० मिनिटं झाली, पिल्लू नाही.

• पिल्लू किंवा पाण्याची पिशवी बाहेर दिसते आहे, ती जोर करते आहे, आणि १० मिनिटांत सुटका नाही.

• हलक्या, तुटक कळा दोन तास चालल्या, पुढे काही नाही.

• पहिल्या टप्प्याची लक्षणं दिसून चोवीस तास उलटले, खऱ्या कळा नाहीत.

• ताजं लाल रक्त १० मिनिटांहून जास्त वेळ वाहतं आहे.

• पुवासारखा, काळपट किंवा दुर्गंधी येणारा स्राव.

• वारंवार उलट्या, थरथर, उभं राहता न येणं, अंग थंड पडणं किंवा १०३ च्या वर ताप.

• पोटात पिल्लं शिल्लक आहेत हे माहीत आहे, कळा थांबल्या आहेत आणि ती गळून गेली आहे.

यातलं एक दिसलं तरी फोन करा आणि निघा. झालेली पिल्लं बरोबर घ्या. टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, पण एका बाजूला, म्हणजे जास्त ऊब झाली तर पिल्लाला सरकता येईल.

घरचे प्रयोग नकोत

कळा येण्याचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर त्या जोराने गर्भाशय फाटू शकतं. पिल्लू अर्धवट बाहेर असेल तर पाय किंवा डोकं धरून खेचू नका. डॉक्टर फोनवर सांगत असतील तरच, ओल्या स्वच्छ कापडात धरून, तिच्या कळेबरोबर, खालच्या दिशेने हळू. माणसाची ताप-दुखण्याची गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉल मांजरीला विषासारखं आहे, एका गोळीने जीव जातो. फिनेलने खोका पुसू नका, तेही तिला बाधतं. साबण आणि गरम पाणी पुरे.

पिल्लं झाल्यावर आईकडे बघा

पिल्लांच्या कौतुकात आई मागे पडते. दोन-तीन आठवडे थोडा तांबूस-तपकिरी स्राव येतो, तो दिवसेंदिवस कमी होतो आणि त्याला घाण वास नसतो. वास यायला लागला, ताप आला, तिने पिल्लांना जवळ घेणं सोडलं, तर वार आत राहिलेली असू शकते किंवा गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

रोज एकदा तिच्या आचळांवरून हलका हात फिरवा. एखादं कडक, लाल, गरम लागलं आणि हात लावल्यावर ती ओरडली, तर तिथे पू धरतो आहे.

तिसरा धोका पिल्लं वाढत असताना, पहिल्या तीन-चार आठवड्यांत येतो. गाई-म्हशींना दुग्धज्वर होतो तसाच, रक्तातलं कॅल्शियम घसरल्याने. अंग थरथरतं, चाल ताठर होते, धापा लागतात, नंतर झटके येतात. हे तासाभराचं काम आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही. दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम दिलं की मांजर डोळ्यांदेखत सावरते.

आणि ‘सात घरं’? मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिला घरं मोजायची हौस नसते. उजेड, आवाज, पाहुण्यांची वर्दळ, पिल्लांना सारखं हाताळणं यांनी ती बावरते आणि जागा बदलते. पहिला आठवडा घरच्या मुलांना दुरूनच दाखवा.

पिल्लांचं वजन

नुकतं झालेलं पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं. थोडं कमीजास्त चालतं. रोज ठरल्या वेळी वजन करा. पहिल्या दिवसानंतर रोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. दोन दिवस काटा हलला नाही किंवा मागे सरकला, तर पिल्लू वरून छान दिसत असलं तरी काहीतरी बिघडलं आहे.

पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाला मिळायला हवा. आईला दूध नसेल तर पिल्लांसाठी वेगळी दूधभुकटी मिळते, ती डॉक्टरांना विचारून द्या. गाईचं दूध त्यांना पुरत नाही आणि पचतही नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. आधी अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या, मग दूध. आणि दूध पाजल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हलकं पुसा. इतकी लहान पिल्लं आपली आपण लघवी करत नाहीत, आई चाटते म्हणून होते.

ऑपरेशनने झालेलं आमचं तिसरं पिल्लू ७८ ग्रॅमचं होतं. डॉक्टर म्हणाले, बघू. गुंगीतून उठलेली ठकू पहिल्यांदा त्याला हुंगून बाजूला झाली. संध्याकाळी तिने त्याची मान तोंडात धरली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सासूबाई म्हणाल्या, “मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत, बघत राहा.” तिने त्याला उचलून पोटाशी नेलं आणि चाटायला सुरुवात केली.

वजनाचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. मुलीने केकसाठी आणलेला काटा, त्यावर स्टीलची वाटी, वाटीत रुमाल. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तीन रकाने आखले. तिसऱ्या रकान्यात ७८, मग ७६, पुन्हा ७६. त्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर दोन-तीन तासांनी बाटलीने पाजलं. पुढे ८१, ८९, १०१. ‘१०१’ला त्यांनी वहीत सुपारीएवढं गोल केलं आहे.

ठकूची नसबंदी त्या ऑपरेशनमध्येच उरकली. दूध त्याने आटत नाही, तिने तिघांना व्यवस्थित पाजलं. ज्यांच्या मांजरी घरीच वितात, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पाजती मांजरही काही आठवड्यांत पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा तिला घरात ठेवा आणि पिल्लं दोन महिन्यांची होत आली की डॉक्टरांकडे तारीख ठरवा. आम्ही ‘करू, करू’ म्हटलं त्याची किंमत ठकूने आणि त्या एका पिल्लाने मोजली. ते पिल्लू मागच्या अंगणात पारिजातकाखाली आहे.

तिघांपैकी एक पिल्लू महूच्या मुलीकडे गेलं, एक शेजारी. १०१वालं आमच्याचकडे आहे आणि झोपायला त्याची जागाही सासूबाईंच्या पायाशीच आहे.

परवा रात्री अकराला शेजारच्या गल्लीतल्या वहिनींचा फोन आला. त्यांची मांजर अस्वस्थ होती. मी चप्पल घालत होते, तेवढ्यात सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं, “कळा किती वाजल्यापासून देतेय? आणि कुणी लिहून ठेवलंय का?”